मागचं वजन घेऊन कोकणात उतरताना

पत्र : ‘काका, नमस्कार. आम्ही सांगलीचे. डबल केबिनचा फोर बाय फोर पिकअप घेतलाय. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून एका एक्सलचा कॅम्पर बनवून घेतला आहे. आत दोन पलंग, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी. तो म्हणतो, रिकामा साडेसातशे किलो. धाकट्या भावाची जुनी जिप्सी आहे, पण ती साठच्या वर थरथरते. म्हणून दिवाळीनंतर गुहागरला जाताना पिकअपमागे कॅम्पर आणि कॅम्परमागे ए-बार (इंग्रजी A च्या आकाराचा ओढायचा दांडा) लावून जिप्सी, असं सगळं एकदमच न्यायचा विचार आहे. परदेशात हाच पिकअप साडेतीन टन ओढतो असं वाचलं. आमचं मागचं सगळं मिळून दोन टनांच्या आतच आहे. आईचे गुडघे दुखतात, ती कॅम्परमधल्या पलंगावर आडवी पडून येईल. कुंभार्ली घाटाने उतरणार आहोत. हुक कोणता बसवावा आणि आणखी काय काळजी घ्यावी? – सु. पा., सांगली’

सु. पा., नमस्कार.

हुकाचं नंतर बघू. आधी आईंचं. चालत्या कॅम्परमध्ये माणूस बसवायचा नाही. आडवं झोपवायचं तर मुळीच नाही. आत सीट नाही, पट्टा नाही. एका एक्सलचा ट्रेलर खड्ड्यात आपटला की आतली माणसं पलंगावरून उचलली जातात. आंबा घाट असो की कुंभार्ली, उतरताना मागे काय चाललंय ते तुम्हाला केबिनमधून ऐकू येत नाही. ट्रेलर सुटला किंवा कलंडला तर आत असलेल्या माणसासाठी कुणालाच काही करता येत नाही. आईंना पुढच्या सीटवर बसवा, सीट मागे सरकवा, पायाखाली घट्ट बांधलेली वळकटी ठेवा आणि दर पाऊण तासाला गाडी थांबवून चार पावलं चालवा. कराड, पाटण, कोयनानगर, खाली चिपळूण, अशी थांबायला चांगली गावं वाटेवरच आहेत. कॅम्परमधला पलंग गुहागरला पोहोचल्यावर त्यांचाच.

आता तुमच्या साडेतीन टनांकडे येतो. हा आकडा मीही वाचलेला आहे. काही पिकअपना परदेशात तो दिलेला असतो हे खरं. पण तो एकाच ट्रेलरचा असतो आणि त्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. तिकडे बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा साधारण ७५० किलोवर येऊन थांबते. तुमच्या हातातल्या गाडीला इथे काय मर्यादा दिली आहे ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात पाहा. त्यात टोइंगचा आकडा नसेल तर परदेशातला आकडा आपला धरू नका, सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागा. गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण किती वजन चालेल, हा आकडा वेगळा असतो. पिकअपच्या हौद्यात आणि केबिनमध्ये मिळून किती भरता येतं, हा आणखी वेगळा. तिन्ही आकडे एकाच वेळी पाळायचे असतात.

आपण लोक म्हणतो, ‘कोकणात उतरायचं’. देशावरून निघालेल्या गाडीसाठी या शब्दातच सगळं आलं. जाताना तुम्हाला ओढायचं कमी आणि रोखायचं जास्त आहे. इंजिन किती अश्वशक्तीचं आहे याने कुंभार्लीत काही ठरत नाही. वीतभर ब्रेक शू आणि चमचाभर ब्रेक ऑइल किती उष्णता सोसतं, यावर ठरतं.

हिशेब मांडूनच बघा. पिकअप दोन टन, माणसं आणि सामान चारशे किलो, भरलेला कॅम्पर एक टन, जिप्सी एक टन. झाले ४,४०० किलो. एवढं वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आणायचं तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात ७० लिटरच्या वर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. दोन-तीन मोठे बंब भरतील एवढं पाणी. यातला काही भाग इंजिन घेतं, काही हवा घेते. उरलेलं सगळं ब्रेकमध्ये जातं. तुमच्या रचनेत कॅम्परला ब्रेक आहेत की नाहीत हे तुम्ही लिहिलेलंच नाही आणि ए-बारवरच्या जिप्सीचे ब्रेक तर कुणी दाबणारच नाही. म्हणजे चार चाकांच्या ब्रेकने दहा चाकांचं वजन थांबवायचं.

त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ जातीचं नवं तेल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी प्यायलेलं तेच तेल १४० च्या आसपास उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. आमच्या चिपळूणच्या दमट हवेत गाड्यांचं तेल लवकर खराब होतं, म्हणून मी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दोन वर्षांनी ते बदलायलाच सांगत आलोय. तुमचा पिकअप नवा असेल तर ठीक आहे. जिप्सीचं तेल शेवटचं कधी बदललं ते भावाला विचारा.

कॅम्परमागे जिप्सी हा बेत सोडून द्या. पोरं एकमेकांचे सदरे धरून झुकझुकगाडी खेळतात ते आठवा. पुढचं पोर वळतं, मधलं थोडं फेकलं जातं आणि शेवटचं भेलकांडून पडतं. प्रत्येक सांध्यात हलायला जागा असते आणि शेवटी ती सगळी एकत्र येते. शिवाय ए-बार लावलेली गाडी मागे घेता येत नाही. दोन-चार हात मागे गेलात की तिची पुढची चाकं वेडीवाकडी वळतात आणि बार पिळला जातो. गुहागरकडच्या वाड्यांमध्ये दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मध्ये एका गाडीची वाट. समोरून एसटी आली तर तुम्ही करणार काय?

कायदाही तुमच्या बाजूने नाही. दोरीने किंवा बारने टोचन करून न्यायची मुभा बिघडलेल्या गाडीला आहे, तीही जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्यापुरती. दोन गाड्यांत पाच मीटरांपेक्षा जास्त अंतर नको, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर हवा, अशा अटी आहेत. धडधाकट जिप्सी दोनशेच्या आसपास किलोमीटर टोचन करून नेणं त्यात बसत नाही. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन धरलेलं आहे, म्हणजे कॅम्परची स्वतंत्र नोंदणी हवी, विमा हवा. फॅब्रिकेटरने कागद काहीच दिले नसतील तर आधी आरटीओत जाऊन या. विमा कंपनीलाही आपण ट्रेलर ओढणार आहोत हे लेखी कळवा.

मग जिप्सीचं काय? माझं ऐकाल तर ती भावाने चालवत आणावी. साठच्या वर थरथरते म्हणता, तर घाटात साठ लागतात कुठे? पण थरथर तशीच ठेवून निघू नका. जिप्सीला पुढे सरळ एक्सल आहे. अशा गाडीत एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग गदगदतं ते बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग बिघडल्यामुळे, नाहीतर किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याची) बेअरिंग किंवा टायरॉडचे सांधे ढिले झाल्यामुळे. मोठे चिखलाचे टायर बसवले असतील तर ते आधी तपासा. किंगपिन बघायला फार हत्यारं लागत नाहीत. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा, दुसऱ्या माणसाला पाठीमागून नकलवर, म्हणजे चाकामागच्या वळणाऱ्या सांध्यावर, बॅटरी मारून बघायला सांगा. सांधा हलताना डोळ्यांना दिसतो. एका दिवसाचं काम आहे आणि तुमची अर्धी अडचण तिथेच सुटते.

कधी जिप्सी ट्रेलरवर घालून न्यायचीच झाली, तर कॅम्पर घरी ठेवून न्या. रिकामी जिप्सी हजार किलोच्या आसपास, दणकट ट्रेलर साडेचारशे-पाचशे, म्हणजे दीड टन. यात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. आणि जिप्सी ट्रेलरवर कुठे उभी आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. हे मी स्वतः भोगून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची बंद पडलेली जीप मी ट्रेलरवर घालून रत्नागिरीहून चिपळूणकडे आणत होतो. जीप चालू नव्हती, ढकलून चढवायची होती आणि जागा अशी होती की उलटी चढवणं सोपं गेलं. मी तशीच उलटी चढवली. म्हणजे इंजिन ट्रेलरच्या मागच्या टोकाला. हातखंब्यापर्यंत काही जाणवलं नाही. पुढे निवळीच्या उतारावर काटा साठ-पासष्टकडे गेला आणि आधी पाठीला कळलं. सीट डावीकडे-उजवीकडे सरकल्यासारखी वाटायला लागली. आरशात बघितलं तर ट्रेलरचा डावा दिवा दिसायचा, मग उजवा, मग पुन्हा डावा, प्रत्येक झोक्याला थोडा जास्त. हात आपोआप स्टिअरिंग उलट फिरवायला निघाले होते, पण मी ते सरळ धरून ठेवले, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि ब्रेकला हात-पाय काही लावलं नाही. सात-आठ झोके झाले असतील. वेग चाळीसवर आला तसा ट्रेलर निवळला. पुढे रुंद जागेत थांबलो तेव्हा माझ्या गुडघ्यात ताकद राहिली नव्हती. एका हॉटेलवाल्याची चार माणसं बोलावली, जीप उतरवली, फिरवून इंजिन पुढे करून चढवली. तीच जीप, तोच ट्रेलर, तोच रस्ता. पुढे चिपळूणपर्यंत मागे काही आहे हे जाणवलंसुद्धा नाही.

कारण साधं आहे. ट्रेलरच्या एक्सलच्या मागे वजन जास्त झालं की त्याचं नाक हलकं होतं आणि शेपूट गाडीला हलवायला लागतं. हुकाच्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक किती वजन टाकतं, ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. युरोपात याहून कमी धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के. आपल्या रस्त्यांना मी दहा धरतो, मात्र हुक आणि गाडी यांची जी मर्यादा लिहिलेली असेल तिच्या आतच. जिप्सी ट्रेलरवर अर्धी वीत, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर पुढे सरकवली, तर हुकापासून एक्सल तीन मीटर धरून नाकावर तेहतीस-एक किलो वाढतात. अर्ध्या वितीने एवढा फरक पडतो. म्हणून जागा ठरली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवा.

हे वजन मोजायला परदेशी यंत्र नको. ट्रेलर पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या, एकूण वजनाची पावती घ्या. नंतर किराणा भुसारच्या किंवा आमच्याकडे काजूच्या व्यापाऱ्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो, त्यावर लाकडाचा जाड ओंडका उभा करा, गाडीच्या हुकाइतक्याच उंचीचा. चाकांना पुढून-मागून उटी लावा, ट्रेलर सपाट जमिनीवर असू दे, नाक ओंडक्यावर टेकवा आणि आकडा वाचा. तुमचा कॅम्पर एक टनाचा असेल तर तिथे शंभर किलोच्या जवळपास यायला हवा. साठ आला तर मागची ट्रंक पुढे घ्या.

कॅम्पर एक टनाचा म्हणतोय मी, तुमचा फॅब्रिकेटर साडेसातशे म्हणाला तरी. तो खोटं बोलला असं नाही, रिकामा असेलही तेवढा. पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असला की लोखंडासकट तीस किलोच्या घरात जातो. बॅटरी, गाद्या, खुर्च्या, भांडी, आईंच्या डब्यांची पिशवी. टन कधी झाला कळत नाही. पाणी तर वरून आणूच नका. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि ट्रेलरला उलटा झोका देते. टाकी रिकामी ठेवा, पिण्यापुरते कॅन गाडीत ठेवा, गुहागरला भरा. सिलिंडर शक्यतो लहान घ्या, उभा बांधा, निघताना रेग्युलेटर काढून कॅप लावा.

नवशिक्याला ब्रिटनमधले कॅरव्हानवाले एक पथ्य सांगतात, की भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. दोन टनांच्या पिकअपला म्हणजे १,७०० किलो. घाटासाठी तुम्ही त्याच्याही बऱ्याच खाली राहताय, फक्त कॅम्पर नेलात तर. मला हे बरं वाटतं.

आता हुक. बंपरला वेल्डिंग करून बसवलेला हुक नको. चासीच्या दोन्ही रेलना बोल्टने बसवलेली, किती वजन चालेल ते छापलेली बार घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पीन-आणि-कडी लावून देणारे बरेच भेटतील. शेतात ती चालते, कारण तिथे वेग नसतो. घाटात त्या पिनीच्या ढिलाईने प्रत्येक गिअरला धक्का बसतो आणि पीन झिजत राहते. गोळा आणि त्यावर बसणारी कपलिंग घ्या. गोळ्याचं आणि कपलिंगचं माप एकच आहे ना हे बघा. पन्नास मिलिमीटरच्या गोळ्यावर मोठी कपलिंग सैल बसते आणि खड्ड्यात उडते. कपलिंग बसली की जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या नाकाखालच्या छोट्या चाकाने) नाक वर उचलून बघा. गाडीचं मागचं टोक सोबत उचललं गेलं पाहिजे. नाही उचललं तर कपलिंग बसलेलीच नाही. खाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवा, म्हणजे कपलिंग सुटली तरी नाक त्या फुलीवर पडेल, रस्त्यात रुतणार नाही. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक ओढणारी तार वेगळी असते, ती गाडीच्या चासीला लावा, साखळीला नाही.

कॅम्परला ब्रेक कुठल्या प्रकारचे आहेत ते फॅब्रिकेटरला विचारा. नसतील तर निघू नका, आधी बसवून घ्या. दोन प्रकार मिळतात. एकात गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकून नाक दाबतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. स्वस्त आणि मजबूत, पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असतो म्हणून त्याचे ब्रेकही सतत घासत राहतात. मागे घेतानाही ते लागतात, त्यासाठी खटका असतो, तो आधी शिकून घ्या. दुसरा विजेचा, केबिनमध्ये छोट्या डबीवरून चालणारा. त्यात झोके सुरू झाले तर नुसता ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावून त्याला मागून ताणता येतं. पैसे जास्त लागतात. कुंभार्लीतून दरवर्षी यायचं असेल तर मी हाच घेईन.

घाट उतरताना आमच्या जुन्या ट्रकवाल्यांचा नियम धरा : ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरा. हेळवाक सोडलं की उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, वळणावर नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलमध्ये टाका. ब्रेक सतत धरून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, दहा-पंधराने कमी करा, पूर्ण सोडा, ड्रमला श्वास घेऊ द्या. कोरड्या डांबरावर फोर व्हील लो टाकून उतरायचा मोह होतो. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये तो टाळा, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि पीळ गिअरबॉक्सवर बसतो. वळणात ट्रेलरचं चाक तुमच्या चाकाच्या आतून जातं, हे डोक्यात पक्कं असू द्या. आतल्या बाजूच्या गटारात तेच आधी जाईल. वळण दिसलं की हॉर्न द्या, थोडं बाहेरून घ्या, समोरच्या ट्रकला आधी जाऊ द्या.

पोफळीला सपाटीवर आलात की थांबा. हाताची पाठ प्रत्येक ड्रमजवळ न्या, टेकवू नका. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांची ऊब साधारण सारखी हवी. एकच फार तापला असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग चाललंय. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. चहा घ्या, तेवढ्यात निवेल. तिथेच चाकांचे नटही पाना लावून पुन्हा बघा. नव्या ट्रेलरचे नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये हमखास थोडे सैल होतात.

निघण्याआधी घरी एक गोष्ट करा. कॅम्पर न लावता पिकअपच्या पुढच्या मडगार्डची कमान जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा, मग लावून मोजा. पुढची बाजू चांगलीच उचलली गेली असेल तर पुढच्या चाकांवरचं वजन गेलंय. स्टिअरिंग हलकं होतं आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. मागे स्प्रिंगचे पाटे वाढवणं हा यावरचा इलाज नाही, सामान पुढे घेणं हा आहे.

मागे घ्यायचा सराव सांगलीतच एखाद्या रिकाम्या मैदानात करा, रविवारची सकाळ पुरे. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला हात धरा, ट्रेलरचं शेपूट जिकडे जायला हवं तिकडे हात न्या. अगदी सावकाश. ट्रेलर दुमडायला लागला तर थांबा, पुढे घ्या, सरळ करा. पाठीमागे उभं राहून सांगणारा माणूस एकच असावा.

परतीला दापोली बघून जायचं मनात आलं तर धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे. माणसांना मजा वाटते आणि लांबचा वळसाही वाचतो. पण आधी एकट्याने जाऊन त्यांना गाडी आणि ट्रेलर मिळून किती फूट आहे ते सांगा. ओहोटीला उतार जास्त तिरका होतो आणि हुक किंवा कॅम्परचं शेपूट जमिनीला घासतं, भरतीच्या आसपासची फेरी घ्या. धक्क्याच्या खालच्या भागावर शेवाळ असतं. तिथे चाकं फिरवत बसू नका, एका लयीत चढा. बोटीत हँडब्रेक, गिअर आणि कॅम्परच्या दोन्ही चाकांना लाकडी उटी. घरी गेल्यावर बेअरिंग, ब्रेक आणि दिव्याच्या प्लगवर गोडं पाणी मारा. खारी हवा पितळेचे प्लगसुद्धा हिरवे करते. मग एक दिवस उजवीकडचा इंडिकेटर लागत नाही आणि मागच्याला कळत नाही की तुम्ही वळताय.

शेवटचं जिप्सीबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगतो. भाऊ ती किनाऱ्यावर घालणार असेल तर त्याला अडवा. पुळणीत रुतलेली गाडी भरतीच्या पाण्यात जाताना मी पाहिली आहे, ते जाऊ द्या, गाडी दुरुस्त होते. दिवाळीनंतरच ऑलिव्ह रिडले कासवं आमच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेळासला, आंजर्ल्याला, गुहागरलाही घरटी होतात. वाळूखाली हातभर खोल शंभराच्या आसपास अंडी असतात आणि वरून काहीही दिसत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, गाडी फिरवायचा बेत असेल तर तोही स्थानिक माणूस बरोबर घेऊन, वाटेवरूनच. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती तर अठरा मीटरांच्या घरात आहे. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की त्यावर उभं राहूनही कळत नाही. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण टायरखालून वाचवायला सगळीकडे कुंपण कुठे आहे? चढ-उतार खेळायची हौस असेल तर कुणाच्या तरी मालकीची बागायतीतली जुनी बैलवाट मालकाला विचारून घ्या, जिप्सीला तेवढं पुरतं.

तर या खेपेला तुम्ही कॅम्पर घ्या, भाऊ जिप्सी चालवेल, आई पुढे. कुंभार्लीत सकाळी उजाडल्यावर शिरा. कार्तिकात तिथे पहाटे धुकं असतं, ते उठू द्या. जिप्सी तुमच्या मागे ठेवा, पुढे नाही, म्हणजे कॅम्परचे दिवे आणि चाकं भावाला सतत दिसत राहतील. काही वावगं दिसलं तर त्याने दोनदा अप्पर मारायचं आणि तुम्ही पहिल्या रुंद जागेला थांबायचं, एवढं आधीच ठरवून घ्या. वजनकाट्याची पावती आणि ओंडक्यावरचा आकडा मिळाला की मला लिहा. चिपळूणात माझ्याकडे थांबलात तर बेअरिंगला एकदा हात लावून बघतो.